घोगरा झालेला आवाज ‘तयार’ होत नसतो

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलाला अभिनयाकडे वळायचे आहे. आवाज भारदस्त करून देणारा मुंबईतला 3 महिन्यांचा कोणता क्लास त्याला लावावा, असे आपण विचारले आहे. क्लासचे नाव मी सुचवणार नाही, कारण पत्रातल्या दुसऱ्याच मजकुराने मला काळजी वाटते आहे. एकांकिका स्पर्धेत परीक्षकांनी ‘आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही’ असा शेरा दिला. तेव्हापासून आपण त्याला रोज पहाटे गच्चीवर उभे करून तासभर, खर्जात आणि मोठ्याने, संवाद म्हणायला लावता. गेले 2 महिने त्याचा आवाज घोगरा आहे आणि ‘आवाज तयार होतो आहे’ असा आपण त्याचा अर्थ लावला आहे. हा अर्थ चुकीचा आहे आणि तो मुलाला महागात पडू शकतो.

सर्दीने बसलेला आवाज आठ-पंधरा दिवसांत सुटतो. 3-4 आठवडे उलटूनही घोगरेपणा गेला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावीच लागते. सतत ओरडण्याने स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. वेळीच लक्ष दिले तर आवाजाला विश्रांती देऊन आणि बोलण्याच्या सवयी सुधारून त्या बहुधा बऱ्या होतात, मात्र तोच मारा चालू ठेवला तर दुखणे वाढते. तपासणी होईपर्यंत गच्चीवरचा सराव पूर्ण बंद ठेवा. आवाज जपण्यासाठी म्हणून त्याला कुजबुजत बोलायलाही सांगू नका, त्यानेही ताण पडतो. डॉ. श्रीराम लागू 1969 मध्ये पूर्णवेळ रंगभूमीवर येण्यापूर्वी कान-नाक-घसा याच शाखेचे शल्यविशारद होते, एवढे आपल्याला सांगावेसे वाटते. नट होऊ पाहणाऱ्या मुलाने घसा तपासून घेण्यात कमीपणा मानू नये.

आता आपल्या गैरसमजाविषयी. माणसाच्या आवाजाची पट्टी मुख्यतः त्याच्या स्वरतंतूंच्या लांबी-जाडीवर ठरते. ती कोणताही क्लास बदलून देत नाही, आणि घसा दाबून काढलेला जाड आवाज पहिल्या अंकातच थकतो. गायक पहाटे खर्ज लावतात तो संथ, सैल गळ्याने आणि गुरूच्या देखरेखीखाली. मोठ्याने संवाद म्हणण्याशी त्याचा काही संबंध नाही. आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो तो पुरेशा श्वासामुळे, मोकळ्या जबड्यामुळे आणि स्वच्छ उच्चारांमुळे. मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात, आणि नवख्या नटाचा श्वास नेमका तिथेच संपतो. ‘मी त्याला पैसे दिले नाहीत’ या वाक्यातले ‘नाहीत’ गिळले गेले, की प्रेक्षकाला उलटाच अर्थ ऐकू येतो. परीक्षकांचा शेरा बहुधा याच दोषाविषयी असावा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्याने जमिनीवर उताणे पडून, गुडघे उभे ठेवून, पोटावर हात ठेवावा. श्वास घेताना हात वर उचलला जातो आणि खांदे हलत नाहीत, हे पाहावे. मग नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात एकेक वाक्य शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचवावे. सुरुवातीला रोज 10 मिनिटे पुरेत.

शरीर कमावण्यासाठी त्याने व्यायामशाळेत जाण्याला माझी हरकत नाही, पण छाती फुगवून आणि मान ताठ ठेवून उभे राहण्याची सवय लागली तर श्वासही अडतो आणि प्रत्येक भूमिकेत तोच पहिलवान दिसतो. सिंधुदुर्गातले दशावतारी नट जड वेशात युद्धाचे पदन्यास करतात आणि पाठोपाठ लांबलचक संवाद बोलतात. त्यासाठी लागणारा दमसास केवळ दंड कमावून येत नाही. पोहणे, सूर्यनमस्कार किंवा एखादा लोकनृत्यप्रकार त्याला अधिक उपयोगी पडेल.

प्रवेशाचे म्हणाल, तर दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था आणि मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी या तिन्ही ठिकाणी पदवी लागते, म्हणून बी.कॉम. पूर्ण होऊ द्या.

पत्राच्या शेवटी आपण लिहिले आहे की, ‘वर्षभरात मालिकेत काम मिळाले नाही तर दुकानात बसायचे’ अशी अट त्याला घातली आहे. स्पष्टच लिहितो, ही अट मागे घ्या. घरातल्या भीतीने आवळलेला जबडा आणि वर चढलेले खांदे कोणत्याही शिक्षकाला सहज सैल करता येत नाहीत, आणि वर्षाच्या धास्तीने मुलगा मिळेल ते काम घेईल, शिकणार काहीच नाही. आपण त्याच्यासाठी पहाटे उठता, यातली माया मला दिसते. पण सरावाच्या वेळी आपण गच्चीवर थांबू नये, असे माझे मत आहे. या आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा, तपासणीच्या खोलीत आपला त्रास त्याचा त्यालाच सांगू द्या, आणि अहवाल आल्यावर मला पत्र त्यानेच लिहावे.