कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी कोणते गैरसमज सर्रास आढळतात?

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत प्रशिक्षण देताना ‘वाचलेले दहा टक्के, स्वतः केलेले नव्वद टक्के लक्षात राहते’ हा तक्ता मला वारंवार दाखवला जातो. तो अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर सांगितला जातो, परंतु त्यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या ‘अनुभवाच्या शंकू’त, म्हणजे शिकण्याचे अनुभव प्रत्यक्ष कृतीपासून शब्दांपर्यंत क्रमाने मांडणाऱ्या आकृतीत, टक्केवारी मुळीच नव्हती, ती नंतर इतरांनी जोडली.

याहून घातक समज म्हणजे एक दिवसाचे सत्र उरकले की काम झाले. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून १८८५ मध्येच दाखवले होते की पाठ केलेल्या गोष्टींचा विसर सुरुवातीच्या काही तासांतच झपाट्याने पडतो आणि अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. म्हणून सलग सहा तासांऐवजी आठवड्याच्या अंतराने दीड-दीड तासाची चार सत्रे घ्यावीत आणि प्रत्येकाच्या आरंभी मागचा भाग टिपण न पाहता सांगायला लावावा. चुकले तरी चालेल, कारण आठवण्याच्या त्या प्रयत्नानेच शिकलेले पक्के होते.

सत्रानंतरच्या अभिप्राय-पत्रकातील भरघोस गुणही फसवे असतात. त्यांतून सत्र आवडले एवढेच कळते. कामगार यंत्र नीट हाताळू लागला का, हे महिन्याभराने यंत्रापाशी उभे राहूनच पाहावे लागते, आणि तिथे प्रश्न त्याच्या भाषेत, म्हणजे बहुधा गुजराती किंवा हिंदीत, विचारावेत.