पीस, थेंब की चौकोन? दुकानासमोरच्या झेंड्याचा आकार

प्रश्न : रामबागेत आमचे शेव-चिवड्याचे दुकान आहे. दारात जाहिरातीचा उंच झेंडा लावायचा आहे. छपाईवाल्याने फेदर, टिअरड्रॉप आणि चौकोनी असे तीन आकार दाखवले. नाव देवनागरीत हवे. कोणता घ्यावा? – एक वाचक, इंदूर

आकाराआधी नावाची अक्षरे मोजा. ताशी ३० किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला साधारण ८ मीटर पुढे सरकते. नाव वाचून दुकानाकडे वळायला तिला तीन सेकंद तरी हवेत, म्हणजे नाव २५ मीटरवरून वाचता आले पाहिजे. पाटी रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब दहा फुटांना एक इंच उंच अक्षर असा आहे. त्याप्रमाणे तुमचे अक्षर आठ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर हवे.

फेदर, म्हणजे पिसाच्या आकाराचा झेंडा, जेमतेम ६५-७० सेंटिमीटर रुंद असतो. काठीची शिवण आणि कडेची मोकळी जागा सोडली की त्यात एवढी मोठी अक्षरे आडवी तीनच मावतात. ‘चिवडा’ बसेल, दुकानाचे नाव बसणार नाही. मग छपाईवाला इंग्रजी पाट्यांसारखी अक्षरे एकाखाली एक रचून देतो. देवनागरीत हे मुळीच करू देऊ नका. शिरोरेषा तुटते, वेलांटी आणि काना आपापल्या अक्षरासह सुटे पडतात आणि वाचणाऱ्याला शब्द जुळवत बसावे लागते. तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते.

त्यापेक्षा पूर्ण ओळ आडवी लिहून ती तशीच ९० अंशांत उभी करा, खालून वर वाचता येईल अशी. काठी डाव्या हाताला असेल, तर अशा ओळीची शिरोरेषा काठीलगत येते. तिथले कापड सगळ्यांत स्थिर असते. फडफडते ती मोकळी कड, आणि तिकडे उकारांचे शेपूटच तेवढे जाते. नाव काठीला टांगल्यासारखे ताठ राहते.

आता लांबी बघा. साडेतीन मीटर उंच फेदरमध्ये वरचा वळणदार भाग नावाला निरुपयोगी, कारण तिथे काठी वाकते आणि ओळ कापली जाते. खालचे सव्वा मीटर दारात लावलेल्या स्कूटरींमागे झाकले जाते. मध्ये उरतात सुमारे पावणेदोन मीटर. २० सेंटिमीटरची सात-आठ अक्षरे त्यात आरामात बसतात. नाव तेवढेच असेल तर फेदर घ्या. दुरून तोच आधी दिसतो.

नाव लांब असेल, किंवा ‘ताजी शेव, लसूण शेव, रतलामी’ अशी यादी द्यायची असेल, तर चौकोनी घ्या. त्याला वर आडवी दांडी असते, त्यामुळे वारा नसतानाही कापड उघडे राहते आणि छपाईची जागा वरपासून खालपर्यंत सारखी मिळते. मात्र यादी चालत येणाऱ्यासाठीच असते, गाडीवाल्यासाठी नाही. टिअरड्रॉप तुमच्या कामाचा नाही. त्याचे पोट वर आणि खाली निमुळती शेपटी, म्हणून तिथे एक चिन्ह किंवा एखादा छोटा शब्दच शोभतो.

प्रश्न : भंवरकुआँ भागात आमचा शिकवणी वर्ग आहे. मैदानाकडेच्या कोपऱ्यावर लावलेला फेदर झेंडा दोनदा आडवा झाला, दुसऱ्या वेळी काठीच मोडली. वजन वाढवावे का? – एक वाचक, इंदूर

वजनाआधी तळाची फिरकी तपासा. काठी ज्या खुंट्यावर बसते त्यात बेअरिंग असते. त्यामुळे झेंडा वाऱ्याबरोबर फिरतो आणि वाऱ्याला फक्त आपली कड देतो. उन्हाळ्याची धूळ बसून ते अडकले की सगळे कापड शिडासारखे वाऱ्यासमोर उभे राहते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे अडकलेल्या फिरकीपुढे कितीही वजन ठेवले तरी कमीच पडते. महिन्यातून एकदा खुंटा कोरड्या फडक्याने पुसा, सिलिकॉन तेलाचे दोन थेंब सोडा आणि रिकामी काठी एका बोटाने फिरते का ते बघा.

मग तळ. फरसबंदीवर चार पायांची घडीची फुली चालते, पण पाण्याची पिशवी भरलेली हवी. दहा लिटर म्हणजे दहा किलो. पिशवी हळूहळू गळते आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही, म्हणून दर आठवड्याला हाताने दाबून बघा. उघड्या कोपऱ्यावर पिशव्या दोन ठेवा. मातीत खिळा ठोकणार असाल, तर माळव्याची काळी माती लक्षात घ्या. ती पावसात फुगून मऊ होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चैत्रात घट्ट बसलेला खिळा आषाढात डुलतो. पक्का बसवायचा असेल तर काँक्रीटमध्ये पाइप पुरा.

काठी कुठे मोडली तेही बघा. जोडाजवळ मोडली असेल, तर तुकडे पूर्ण आत बसले नव्हते किंवा खालचा पट्टा फार ताणला होता. कापडावरच्या सुरकुत्या गेल्या की ताणणे थांबवायचे. शेंड्याकडचा फायबरग्लासचा तुकडा चिरला असेल तर चिकटपट्टी लावून वापरू नका. त्याचे कुसळ हातात शिरते आणि काढता काढता जीव जातो. सुटा तुकडा बदलून घ्या.

अशा कोपऱ्याला खरे तर टिअरड्रॉप योग्य. त्याचे कापड काठीच्या कमानीत चहूबाजूंनी ताणलेले असते, फडफडत नाही, आणि वर्गाचे बोधचिन्ह वाऱ्यातही सपाट दिसते. अडीच मीटरच्या वर जाऊ नका. आणि कोणताही झेंडा विजेच्या तारांखाली उभा करू नका, खालची काठी बहुधा ॲल्युमिनियमची असते.

प्रश्न : आमच्या झेंड्यावरचे नाव मागून उलटे दिसते. छपाई चुकली का? – एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

चुकली नाही. विणीचे पातळ पॉलिस्टर, चौरस मीटरला साधारण ११० ग्रॅमचे, एका बाजूने छापले की रंग आरपार जातो आणि मागे आरशातल्यासारखे दिसते. दोन्हीकडे सुलट हवे असेल, तर दोन छापील कापडे आणि मध्ये गडद अस्तर शिवावे लागते. वजन तिपटीच्या घरात जाते, फडफड मंदावते, तळही जड लागतो. झेंडा भिंतीलगत असेल आणि लोक एकाच बाजूने येत असतील तर हा खर्च करू नका. दोन्हीकडून वर्दळ असेल तर जरूर करा.

स्वस्त म्हणून फ्लेक्सचा झेंडा मात्र घेऊ नका. त्यातून वारा जात नाही, आणि घडीवर तो तडकतो.

जपणुकीचे थोडेसे : मोकळ्या कडेचा खालचा कोपरा आधी उसवतो. दोरे दिसताच दोन बोटे कापड कापून दुहेरी शिवण घाला. धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण वापरा, पूर्ण वाळल्यावरच गुंडाळा. वादळाची चिन्हे दिसली की झेंडा आत घ्या. राजवाडा परिसरात दुकान असेल तर रंगपंचमीच्या गेरीआधीही, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीआधीही, काढून ठेवा, पॉलिस्टरवर बसलेला पक्का रंग निघत नाही. झेंडा आपल्या ओट्यावरच उभा करा. फुटपाथवर ठेवायचा असेल तर आधी महापालिकेकडे परवानगीची चौकशी करा.