बटण तर वितळलं, पण फॉर्म्युला तोच राहिला का?

प्रश्न : आर्क फर्नेसमध्ये (विजेच्या आर्कने धातू वितळवायची भट्टी) आर्गॉन ५ नाईनचा, म्हणजे ९९.९९९ टक्के शुद्ध वापरतो, तरी आमच्या लॅबमध्ये सँपलच्या आधी टायटॅनियमचं बटण (धातूचा छोटा गोळा) वितळवायला लावतात. उगाच ना?

उगाच नाही हो. चेंबरमध्ये जो थोडाफार ऑक्सिजन उरतो तो गरम टायटॅनियम किंवा झिर्कोनियम गिळून टाकतं. गार झाल्यावर ते बटण चकचकीत दिसलं तर पुढे जा, निळंकाळं पडलं असेल तर आधी लीक शोधा.

प्रश्न : निओडिमियम, लोखंड, बोरॉन अणूंच्या २:१४:१ प्रमाणात मोजून घेतले, बटण पलटी मारून चार वेळा वितळवलं, तरी एक्सआरडीत (एक्स-रे डिफ्रॅक्शन, क्रिस्टलची रचना ओळखायची चाचणी) लोखंडाचे पीक, म्हणजे आलेखातले सुळके, आहेतच. वजन चुकलं असेल का?

वजन बरोबर असणार, हे कंपाउंडच असं आहे. ते वितळलेल्या द्रवातून सरळ जमत नाही, गार होताना आधी लोखंड बाहेर पडतं आणि मग साधारण ११८० डिग्री सेल्सियसला उरलेला द्रव त्या लोखंडाशी रिॲक्ट होऊन २-१४-१ तयार होतं, पण आर्क फर्नेसचं तांब्याचं हार्थ (ज्यावर धातू वितळतो तो तवा) पाण्याने गार केलेलं, त्यामुळे सगळं इतकं पटकन थिजतं की रिॲक्शन अर्धवट राहते आणि लोखंड आत अडकून बसतं. म्हणून अजून दहा वेळा पलटी मारलीत तरी तेच होणार. बटण टँटलमच्या फॉइलमध्ये गुंडाळा, क्वार्ट्झ ट्यूबमध्ये व्हॅक्यूम करून सील करा आणि हजार डिग्रीच्या आसपास आठवडाभर भट्टीत ठेवा, निओडिमियमही किंचित जास्त घ्या. २-१४-१ च्या युनिट सेलमध्ये (क्रिस्टलमध्ये पुन्हापुन्हा येणारा सर्वांत छोटा ठोकळा) ६८ अणू आहेत, आकार टेट्रागोनल, म्हणजे पीकची गर्दी असणारच, प्रत्येक अनोळखी पीकला इम्प्युरिटी म्हणू नका.

प्रश्न : इटर्बियम-ॲल्युमिनियम-३ (YbAl₃) आर्कमध्ये केलं तर चेंबरच्या काचेवर काळपट थर बसला, आणि बटणाचं वजनही घटलं.

तो थर म्हणजे तुमचं इटर्बियम! ते ११९६ डिग्रीला उकळतं आणि आर्क त्याच्या कितीतरी वर असतो. समेरियम, युरोपियमचीही हीच रड. समेरियम थोडं जास्त घालून निभावता येतं, इटर्बियमला मात्र आर्क नकोच. ॲल्युमिनियमच फ्लक्स (ज्यात बाकीचं विरघळून क्रिस्टल वाढतात तो वितळलेला द्रव) म्हणून भरपूर घ्या, अ‍ॅल्युमिना क्रुसिबल, बाहेर सील केलेली क्वार्ट्झ, हळूहळू गार करा आणि द्रव असतानाच सेंट्रिफ्यूज करून फ्लक्स काढून टाका. क्युबिक क्रिस्टल मिळतील, वर मोजायला सिंगल क्रिस्टल मिळाला हा फायदा वेगळाच. आणि कुठलंही सँपल असो, वितळवण्याआधी आणि नंतर वजन लिहून ठेवा, अर्ध्या टक्क्याहून जास्त घट दिसली तर वहीतला फॉर्म्युला विसरा.

प्रश्न : बोरॉन, कार्बन कुठे बसलेत हे पावडर एक्सआरडीवरून सांगता येईल का?

खात्रीने नाही. एक्स-रे इलेक्ट्रॉनवरून विखुरतात, इट्रियमचे ३९ आणि कार्बनचे ६, कार्बन दिसणार कसा? आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या ना, टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) इट्रियम-निकेल-बोरॉनच्या सँपलमध्ये १२ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटीची खूण दिसली, कार्बन घातल्यावर ती बल्क, म्हणजे सँपलभर पसरलेली, निघाली, पेपर १९९४ चा. नंतर कळलं की सुपरकंडक्ट होणारी खरी फेज (सँपलमधलं कंपाउंड) इट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन १-२-२-१, रचना थोरियम-क्रोमियम-२-सिलिकॉन-२ चाच साचा, फक्त इट्रियमच्या थरात कार्बन भरलेला. चिमूटभर हलक्या अणूने सगळा खेळ बदलला. अशा ठिकाणी न्यूट्रॉन डिफ्रॅक्शन लागतं, ट्रॉम्बेला ध्रुव रिॲक्टरवर सोय आहे. पण साध्या बोरॉनमधला सुमारे २० टक्के बोरॉन-१० न्यूट्रॉन खाऊन टाकतो, गॅडोलिनियम तर त्याहून खादाड, तेव्हा बीमटाइम (रिॲक्टरवर मोजायची वेळ) मागायच्या आधी बोरॉन-११ मागवा आणि सँपल त्यातूनच बनवा.