घरामागे केस गळालेला कोल्हा येतो. त्याची लूत माझ्या कुत्र्याला लागेल का?

लागू शकते. तुम्ही लिहिलंय की गोव्यात डिचोलीजवळ घरामागच्या काजूच्या बागेत शेपटीचे केस झडलेला कोल्हा भर दुपारी फिरतो, शेजारी त्याला पिसाळलेला म्हणतात आणि तुम्हाला त्याला मांसातून औषधाची गोळी द्यायची आहे. मी सत्तरी तालुक्यातला, डॉक्टर नव्हे. पण दोन पावसाळ्यांमागे हे सगळं माझ्याच अंगणात झालं.

आधी एक घोळ निस्तरतो. नेटवर फॉक्स म्हणून शोधाल तर परदेशातल्या लाल खोकडांची माहिती मिळेल. आपला कोल्हा म्हणजे जॅकल. खोकड वेगळं. लुतीचा किडा मात्र तिघांना, म्हणजे कुत्र्यालाही, एकच लागतो : सारकोप्टिस. डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढा. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणत जाते आणि मागे अंडी घालते. अंड्यातून नवा जाणता किडा तयार व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. खाजवून खाजवून कातडी जाड होते, खपल्या धरतात, डोळे चिकटतात. मग शिकार जमत नाही, आणि भुकेला प्राणी दिवसाढवळ्या उकिरड्यावर येतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १९९४ साली ही साथ आली, तेव्हा दोनेक वर्षांत तिथली ९० टक्क्यांहून अधिक खोकडं संपली.

म्हणजे दुपारी दिसला म्हणून पिसाळलाच, असं नाही. पण लांबून बघून रेबीज नाही असंही कुणी सांगू शकत नाही, तेव्हा जवळ जाऊ नका. चावला किंवा ओरखडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

आता आमचा कुत्रा, मोती. त्याच्या कानांच्या कडा आणि पुढच्या पायांची कोपरं उघडी पडली, तेव्हा मला वाटलं पावसाची ओल. पहिल्या डॉक्टरांनी बुरशी समजून महिनाभर मलम दिलं. मधल्या काळात शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून मी गॅरेजातून जळकं ऑइलही आणलं होतं (हसू नका, आपल्याकडे घरोघरी हाच इलाज). बायकोने डबा उचलून बाहेर ठेवला म्हणून बरं. कुत्रं ते चाटतं आणि विषबाधा होते.

दुसऱ्या डॉक्टरांनी मोत्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली. त्याचा मागचा पाय आपसूक हवेतच खाजवायला लागला. 'ही लूतच,' ते म्हणाले. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर किडा दिसला नाही. तो बऱ्याचदा हुलकावणी देतो. तरी उपचार सुरू केले. फ्लुरालेनरची चघळायची गोळी दिली, घरातल्या दुसऱ्या कुत्रीलाही, तिला काही होत नसताना. दोन आठवड्यांत खाज उतरली, केस यायला मात्र दीड-दोन महिने गेले. त्या दिवसांत माझ्या पोटावर आणि दंडावर लाल पुरळ होतं. मोती बरा झाला तसं तेही गेलं. कुत्र्याचा हा किडा माणसावर फार टिकत नाही.

कोल्ह्याला औषधाची गोळी चारण्याचं मात्र सोडा. आयव्हरमेक्टिन हे लुतीवरचं औषध मेडिकलमध्ये मिळतं, हे मलाही माहीत आहे. पण मांसाचा तुकडा कोण खाईल याचा नेम नाही. वाडीतलं एखादं कोली या विलायती जातीचं कुत्रं असेल तर त्या जातीच्या अनेक कुत्र्यांना हे औषध मेंदूत चढतं आणि जिवावर बेततं. शिवाय कोल्हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो, त्याच्यावर परस्पर उपचार करता येत नाहीत. वनखात्याला कळवा, फोटो आणि जागा द्या.

तुमच्या हातात आहे ते एवढंच : मासळीची घाण आणि कोंबडीची पिसं बागेत टाकू नका, कारण कोल्हा आणि कुत्री एकमेकांच्या जवळ येतात ती तिथेच. रात्री कुत्रा आत घ्या. त्याचं गोणपाट जाळून टाका, चादरी कढत पाण्यात धुवा, आणि तो खाजवत नसला तरी यंदा एकदा डॉक्टरांना दाखवाच. लागण झाल्यावर खाज सुटायला कधीकधी काही आठवडे जातात.