उन्हाळ्यात पोराचा घोळणा फुटतो, काय करावं?

नऊ वर्षांच्या मुलाचा घोळणा मे महिन्यात वारंवार फुटतो आणि घरचे त्याला आडवं करून कांदा हुंगवतात, असं तुम्ही लिहिलंय. आधी ते आडवं करणं थांबवा. रक्त घशात उतरतं, पोटात जाऊन उलटी होते आणि घरात आणखी घाबरगुंडी उडते.

पोराला बसवा, मान किंचित पुढे झुकवा. नाकाच्या हाडाखालचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत घट्ट धरा. श्वास तोंडाने घेऊ द्या, तोंडात आलेलं रक्त थुंकू द्या. घड्याळ लावून पूर्ण १० मिनिटं धरा. बहुतेकांचं इथंच चुकतं: दर मिनिटाला "थांबलं का?" म्हणून बोट काढून बघतात आणि जमत आलेली गुठळी निघून येते. वरचं हाड दाबून उपयोग नाही. मुलांमध्ये रक्त बहुधा पुढच्या मऊ पडद्यावरच्या बारीक शिरांतून येतं. कांद्याने ते थांबत नाही.

आपल्या विदर्भात पारा ४५ कडे गेला की नाकाची आतली त्वचा सुकते, खपली धरते आणि पोरं ती नखाने काढतात. म्हणून नखं कापा, झोपताना नाकपुडीत आतून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, दुपारी बाहेर जाताना दुपट्टा बांधा.

२०-३० मिनिटांत थांबलं नाही, डोक्याला मार लागलाय, किंवा पोरगा फिका पडून चक्कर येतेय, तर १०८ ला फोन करा. अंगावर निळे डाग दिसत असतील किंवा हिरड्यांतूनही रक्त येत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.