संध्याकाळी सात वाजले की घरात रणकंदन

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, मी जॉब करते म्हणून तो दिवसभर पाळणाघरात असतो, तिथे म्हणे एकदम गुणी बाळ. पण सातला घेऊन निघाले की जे सुरू होतं ना, वाण्याच्या दुकानात चॉकलेटसाठी लोळण, घरी आल्यावर चपला फेकणं, आजीला मारणं. झोपायला साडेअकरा होतात, सकाळी साडेसहाला उठवावं लागतं. सासूबाई म्हणतात एक धपाटा दे, सरळ होईल. परवा दिलाही आणि मग रात्रभर मीच रडत बसले. काय करू?

उत्तर : अगं, आधी डोळे पूस. दिवसभर तो शहाण्यासारखा वागतो म्हणजे स्वतःला आवरून धरतो आणि तू दिसलीस की सगळं सुटतं, कारण तू हक्काची आहेस. त्यात पोटात भूक आणि झोप अर्धवट. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय, तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास झोप हवी. तुझ्या पिल्लाची रात्रीची जेमतेम 7 होते, दुपारचा दीड तास धरला तरी साडेआठ. मला विचारशील तर निम्मं भांडण इथेच आहे. झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आण, आणि झोपायच्या आधी तासभर मोबाईल नको, तुमचाही नको.

पर्समध्ये केळं नाहीतर राजगिऱ्याचा लाडू ठेव, पाळणाघराच्या दारातच हातात दे. दुकानाच्या पायरीवर, आत शिरायच्या आधी, खाली बसून सांग, "आज दही आणि कोथिंबीर, चॉकलेट नाही, कोथिंबीर तू धरायची." हातात काम असलं की मुलं खरंच वेगळी वागतात गं. तरी लोळलाच तर जवळ उभी राहा, भाषण नको, चॉकलेटही नको. पहिले काही दिवस तो आणखी जोरात रडेल, कारण आजवर रडूनच मिळत आलंय, आणि चौथ्या दिवशी तू हरलीस तर एवढं रडायचं असतं हेच तो शिकेल.

आजीला मारलं तर हात धरायचा, "मारायचं नाही, आजीला दुखतं", बास. धपाटा देऊन "मारू नकोस" कसं शिकवणार? मोठं माणूस चिडलं की मारतं, एवढंच त्याला कळतं. शाळेत हात उगारायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, घरात का चालावं? उलट त्याने आजीचा चष्मा नीट आणून दिला की लगेच बोल, नुसतं "शहाणा" नाही, "चष्मा किती हळू धरलास!" असं. सासूबाईंना चुका नको काढूस, हे चष्म्याचं काम त्यांनाच सांग, त्या मनापासून करतील.

आणि एक, त्याचं बोलणं वयाच्या मानाने मागे असेल, किंवा तो स्वतःला इजा करून घेत असेल, तर थांबू नकोस, बालरोगतज्ज्ञांना दाखव. बोलता येत नसलं की मुलं हातानेच बोलतात.