दीड फुटी रेझिनचं पिशाच्च बेळगावहून बेंगळुरूच्या कॉमिक कॉनला न्यावं का?

न्या. पण किटचे सुटे भाग जोडून रंगवलेली ही व्हॅम्पायरची मूर्ती आता जशी चिकटवलीय तशी नेऊ नका. मित्राबरोबर रात्रीच्या बसनं जाणार आणि 'सगळे जोड सुपर ग्लूनं पक्के केलेत' असं तुम्ही लिहिलंय. ह्या एका वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसलोय. माझ्या मित्राचंही कायम हेच असतं, "ग्लू मारलाय की रे, काय होतंय त्याला?"

त्याचा झगेवाला व्हॅम्पायर बेळगाव सोडताना धड होता. बेंगळुरूत पेटी उघडली तर दोन्ही घोटे तुटलेले, झग्याचं टोक उडालेलं, आणि सुटं धड पेटीभर फिरून नाकाचा रंग खरवडलेला. तो अजून बसच्या ड्रायव्हरला शिव्या घालतो. ड्रायव्हरचा काय संबंध? सुपर ग्लू सरळ ओढीला दम धरतो, पण वाळला की कडक आणि ठिसूळ होतो. आडवा धक्का आणि सततची थरथर त्याला सोसत नाही. त्यात १/४ स्केलची, म्हणजे खऱ्या माणसाच्या पाव उंचीची भरीव मूर्ती, पाठीवर झग्याचं वजन, सगळा भार घोट्यांवर. ती रात्रभर मागच्या चाकांवरच्या डिक्कीत ठेवायची म्हटल्यावर जोड सुटणारच. शिवाय इंजिनजवळची डिक्की तापते. साठ-सत्तर अंशांना रेझिन मऊ पडतं आणि बोटं, सुळे, तलवार असले पातळ भाग वाकतात. कोरं रेझिन गरम पाण्यात बुडवून सरळ करता येतं, रंगवलेलं नाही.

जोडात पितळी पिना घाला. घोट्याला २ मि.मी. सळी, कमरेला ३. उद्यमबागेत ओळखीच्या लेथवाल्याकडं मागितलीत तर तुकडे मिळतील. पिन दोन्ही बाजूंना किमान १०-१२ मि.मी. आत गेली पाहिजे. आधी १ मि.मी.चं भोक, मग मोठं, आणि तेही हातानं फिरवायच्या ड्रिलनं. मशीनच्या वेगानं रेझिन वितळतं आणि बिट भरकटतं. भोकं समोरासमोर येण्यासाठी एका बाजूच्या पिनेच्या टोकाला ओला रंग लावून भाग दाबायचा, पलीकडं ठिपका उमटेल तिथं भोक पाडायचं. पिना इपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या गोंदानं बसवा. गुळगुळीत पितळ त्यातूनही निसटतं, म्हणून सळी ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडून घ्या. इपॉक्सी दोन ट्यूबांचा, हळू वाळणारा. पाच मिनिटांवाला त्याच्याइतका पक्का होत नाही.

हात आणि झगा मात्र चिकटवूच नका. ५ मि.मी.चे निओडिमियम चुंबक (छोटे पण जबर ओढीचे) बसवा आणि वेगळे गुंडाळून न्या. चुंबक बसवण्याआधी पोल तपासा, नाहीतर हात खांद्यापासून दूर पळेल.

तुमचे जोड आधीच चिकटलेत, ते सोडवायला अ‍ॅसिटोन वापरू नका, रंगासकट सगळं उतरेल. चिकटलेला भाग पिशवीत बांधून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीनं ग्लू आणखी ठिसूळ होतो, मग हलक्या हातानं पिळला की बऱ्याचदा सुटतो. फ्रीझरमध्ये मावत नसेल तर सोनाराच्या करवतीचं बारीक पातं जोडातून फिरवा.

नेताना बैठक १२ मि.मी. प्लायला खालून स्क्रूनं कसा आणि उचलताना प्लाय धरा, गणपती पाटासकट उचलतात तसा. बबल रॅप थेट रंगावर नको, उन्हात त्याचे गोल ठसे उमटतात. आत मऊ सुती कापड, त्यावर रॅप. आणि बस सोडा, राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसनं जा. पेटी खालच्या बर्थखाली आडवी सरकवायची. थिनर आणि स्प्रेचा डबा रेल्वेत चालत नाही, त्यामुळं शेवटचा मॅट वार्निश घरीच मारायचा, तोही पाऊस थांबल्यावर. दमट हवेत त्यावर पांढरी झाक धरते. डागडुजीला जेल ग्लू, खाण्याचा सोडा (ग्लूवर भुरभुरला की क्षणात दगड), पाण्यातले रंग आणि दोन ब्रश पुरेत.

अमेरिकेत लुइव्हिलला वंडरफेस्ट भरतो, तसला निव्वळ किट आणि हॉररचा बाजार मात्र बेंगळुरूत शोधू नका. कॉमिक्स, कॉस्प्ले, खेळणी ह्यांच्या गर्दीत असतील ती किटं. रेझिन किट दिसलं तर पेटी उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. पार्टिंग लाईनला (साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेघेला) पायरी, बोटांच्या टोकाला ब्लो होल (हवेच्या बुडबुड्याचं भोक), बोथट नक्षी दिसली तर ते दुसऱ्याच्या किटवरून साचा काढून ओतलेलं असू शकतं. अशा नकलेत आकार थोडा आकसतो. फाउंड्रीत साच्यासाठी नमुने बनवणाऱ्या कुणाही पॅटर्नवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

हे सगळं भरीव रेझिनचं सांगितलं. ऑरोरा ह्या अमेरिकन किट कंपनीनं १९६१ मध्ये काढलेल्या फ्रँकेनस्टाइनसारखं पोकळ प्लास्टिक असेल तर पिनांची गरज नाही, लिक्विड सिमेंट प्लास्टिकच विरघळवून सांधतं. व्हिनाइल (मऊ, पोकळ प्लास्टिक) असेल तर पायांत प्लास्टर ऑफ पॅरिस भरा, नाहीतर उन्हाळ्यात पुतळा कलतो. आणि हो, तिकीट काढलं म्हणजे मूर्ती मांडायला टेबल मिळत नाही. आयोजकांना किंवा एखाद्या स्टॉलवाल्याला आधी विचारून ठेवा.

पैशाचं काय सांगू, तिकीट आणि राहणं आधीच भरून टाका. किटसाठी ठरवलेली रक्कम मित्राकडं द्या आणि तुम्ही मागितली तरी दुपारपर्यंत देऊ नको म्हणून सांगा. तो मित्र सुपर ग्लूवाला असेल तर पेटी तेवढी स्वतःजवळ ठेवा.